गोळीनंच त्रास झाला का हे ठरवणारे दहा प्रश्न – फॉर्म भरणाऱ्या माणसाचा रिव्ह्यू

माझं जिंतूरला सेवा केंद्र आहे. सातबारा, पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, जातीचं सर्टिफिकेट, पोरांच्या स्कॉलरशिपचे फॉर्म, दिवसभर हेच. एवढ्या वर्षांत किती हजार फॉर्म भरले त्याचा हिशोब नाही, त्यामुळं एखादा नवा फॉर्म समोर आला की तो बनवणाऱ्यानं समोरच्या माणसाचा विचार केलाय का नाही हे मला दोन मिनिटात कळतं. आज ज्या फॉर्मचा रिव्ह्यू लिहायलो तो सरकारी नाही आणि आपल्याकडचा पण नाही. कॅनडात टोरंटोला सी. ए. नॅरांजो नावाचे औषधशास्त्राचे संशोधक होते, त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींनी १९८१ साली एका मेडिकल जर्नलमध्ये छापलेला हा दहा प्रश्नांचा तक्ता आहे. औषध घेतल्यावर माणसाला काही झालं, तर ते त्या औषधानंच झालं का दुसऱ्या कशानं, हे ठरवायला. डॉक्टर लोक त्याला नॅरांजो स्केल म्हणतात. माझ्या मायसाठी हा तक्ता माझ्या डोळ्यासमोर भरला गेला, म्हणून मला तो माहीत झाला.

आधी मायचं सांगतो. माय गावाकडंच राहते. दोन वर्षाखाली आखाडात नळाला गढूळ पाणी आलतं तेव्हा अर्ध्या गावाला ढाळ लागली. तिनं फाट्यावरच्या मेडिकलवरून डोस आणला. डोस म्हणजे काय ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको, कागदाच्या पुडीत तीन-चार गोळ्या, एक पांढरी, एक पिवळसर लांबुडकी, एक बारकी गुलाबी, सकाळ-संध्याकाळ घ्या म्हणायचं, नाव नाही काही नाही. ढाळ थांबली. पण त्याच दिवशी डाव्या हाताच्या पंजावर, अंगठ्याच्या बुडाशी, रुपयाएवढा लालभडक गोल चट्टा उठला आणि नुसती आग. आम्ही म्हणलं रानात काहीतरी चावलं असंल. मलम लावलं, आठ-दहा दिवसात बसला, मागं काळा डाग राहिला तेवढा.

दुसऱ्या वेळेस दिवाळीनंतर, कापूस वेचणी चालू होती तेव्हा. परत पोट बिघडलं, परत डोस, आणि परत चट्टा. तोच हात, तीच जागा, काळ्या डागाच्या वरच लाल चढला आणि ह्या वेळेस लवकर चढला. शेजारची आजी म्हणली नागीण आहे. मग एका ठिकाणी नेऊन मंतरून आणलं, गेरू लावला, आंबट-तिखट बंद केलं. मी जिंतूरला होतो, फोनवर कळालं, मी पण म्हणलं असंल नागीण. हे मी आज लिहितो तेव्हा मला वाईट वाटतं, कारण तेव्हा जर कुणी एकच प्रश्न विचारला असता, की आज काय खाल्लं, कोणती गोळी घेतली, तर तिसरी वेळ आलीच नसती.

तिसरी वेळ ह्या मे महिन्यात. चुलत भावाच्या पोरीचं लग्न, उन्हाचा कडाका, जेवणातलं काहीतरी बाधलं. ह्या वेळेस गोळी मी स्वतः आणून दिली. मेडिकल वेगळं, पण मागितलं ढाळीचं आणि त्यानं तेच दिलं. फरक एवढाच की मला बिल घ्यायची सवय आहे, धंद्यामुळं लागलेली, म्हणून मी पूर्ण पाकीट घेतलं आणि बिल घेतलं. दुपारी जेवून माय गोळी घेऊन पडली आणि दिवे लावायच्या टायमाला उठली ती हात झटकतच. "हातावर इंगळ ठिवल्यावानी होऊ लालं रं," म्हणली. बघतो तर काळ्या डागाच्या जागी जांभळा-लाल चट्टा, मधात पाण्याचा फोड, आणि नवीन म्हणजे खालच्या ओठाच्या कडेला पण तसाच एक, भाकर तोंडात घालता येईना. रात्र कशीतरी काढली आणि सकाळी सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात घेऊन गेलो.

स्किनच्या डॉक्टरनं हात बघितला, ओठ बघितला, जुना डाग बोटानं दाबून बघितला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मावशी, ही जागा आधी कधी अशी झाली होती का?" माय म्हणली दोनदा. मग म्हणले, "गोळी कोणती घेता तेव्हा?" ह्याला फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात म्हणे. ज्या औषधाचं शरीराला वावडं आहे ते औषध पोटात गेलं की चट्टा ठरलेल्या जागीच उठतो, कारण त्या जागच्या कातडीत आठवण ठेवणाऱ्या पेशी बसलेल्या असतात आणि तेच औषध परत आलं की त्या काही तासात पेटून उठतात. चट्टा बसतो, डाग राहतो, पेशी पण राहतात. प्रत्येक वेळेस नवीन जागा वाढू शकते. मला हे ऐकून अंगावर काटा आला. मायच्या कातडीनं दोन वर्ष नोंद ठेवली होती आणि घरात आम्ही कुणीच ठेवली नव्हती.

मग त्यांनी फार्माकॉलॉजी म्हणजे औषधशास्त्राच्या डिपार्टमेंटच्या एका तरुण डॉक्टर मॅडमना बोलावलं. त्या एक कागद आणि पेन घेऊन स्टूल ओढून मायच्या जवळ बसल्या. इथून पुढं खरा रिव्ह्यू.

तक्त्यात दहा प्रश्न आणि प्रत्येकापुढं तीन रकाने: हो, नाही, माहीत नाही. हो म्हणलं तर बहुतेक प्रश्नाला एक नाहीतर दोन मार्क, नाही म्हणलं तर शून्य किंवा वजा, फक्त पाचव्या आणि सहाव्या प्रश्नाला उलटं, तिथं हो म्हणलं की वजा आणि नाही म्हणलं की मार्क. माहीत नाही म्हणलं की शून्य.

पहिला प्रश्न पेशंटला विचारायचाच नाही, तो पुस्तकाला विचारायचा आहे: ह्या औषधानं असं झाल्याच्या पक्क्या नोंदी आधी आहेत का. मॅडमनी पाकिटावरचं वाचलं, ऑफ्लोक्सासिन आणि ऑर्निडाझोल, म्हणल्या आहेत. एक मार्क. दुसरा, त्रास औषध घेतल्यानंतर सुरू झाला का. ऐकायला सोपा वाटतो पण मला तिथं मॅडमची कमाल वाटली, त्यांनी मायला किती वाजता असं विचारलंच नाही. गोळी घेतली तेव्हा जेवण झालं होतं का, नवरी वाटं लागली होती का, चट्टा दिसला तेव्हा दिवा लागला होता का, म्हशीची धार काढली होती का. मायनं सगळं बरोबर सांगितलं, आणि मॅडमनी त्यावरून साडेचार ते पाच तास असं लिहिलं. दोन मार्क. तीच गोष्ट कुणी घड्याळात विचारली असती तर माय म्हणली असती मला काय माईत बाप्पा, आणि रकाना रिकामा राहिला असता.

तिसरा, औषध बंद केल्यावर कमी झालं का. दिवाळीनंतरच्या वेळेस झालं होतं. एक. चौथा, तेच औषध परत दिल्यावर त्रास परत आला का. ह्याला दोन मार्क आहेत आणि नाही आलं तर वजा एक. आता हा प्रश्न अवघड, कारण मुद्दाम परत गोळी देऊन बघणं धोक्याचं असतं, आणि घरी तर कुणी करूच नये असं मॅडमनी मला दोनदा बजावलं. पण मायच्या बाबतीत नकळत तेच झालं होतं. प्रश्न एवढाच होता की मागच्या वेळची गोळी हीच होती हे कशावरून?

आणि इथं माझ्या मायनं आम्हाला सगळ्यांना गप्प केलं. तिच्या कमरेला चंची असती, पान-सुपारीची. तिनं ती सोडली, चुन्याच्या डबीच्या खालून एक कागदाची घडी काढली. आत पाकिटाचा कात्रीनं कापलेला तुकडा, एक गोळी शिल्लक. दिवाळीनंतरच्या डोसातली. पोट थांबलं म्हणून एक गोळी राहिली, फेकायची कशाला, परत कामाला येईल म्हणून ठेवली होती. तुकड्यावर नाव अर्धंच होतं, तारीख कापून गेलेली, पण मॅडमनी माझं नवं पाकीट त्याच्या शेजारी धरलं, पन्नीचा रंग, अक्षराची वळणं, गोळीवरची मधली चीर, सगळं जुळलं. मॅडम किती वेळ त्या तुकड्याकडं बघत होत्या. दोन मार्क.

पाचव्या प्रश्नावर त्या सगळ्यात जास्त वेळ थांबल्या. औषध सोडून दुसऱ्या कशानं हे झालं असू शकतं का? इथं हो म्हणलं तर वजा एक, नाही म्हणलं तरच दोन मार्क, म्हणजे हा प्रश्न गोळीची बाजू पण ऐकून घेतो. फवारणी केली होती का, नवीन बांगड्या, नवा साबण, मेंदी, लग्नात काही लावलं होतं का हाताला, मधमाशी, जनावर. नागिणीचं पण त्यांनी नीट विचारलं, हसल्या नाहीत, उलट समजून सांगितलं की नागीण बहुतेक वेळा अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते, अशी रुपयाएवढी गोल आणि गोळी घेतली की दरवेळेस त्याच जागी येत नाही. एकेक कारण खोडून मग दोन मार्क लिहिले. माझ्या टेबलावर येणारे बहुतेक फॉर्म अर्जदारानं म्हणलं ते खरं धरून पुढं जातात नाहीतर सरळ खोटं धरून पुरावे मागतात, मधला रस्ता नसतो. हा फॉर्म माणसाचं ऐकतो आणि तरी तपासतो. मला फॉर्म बनवणाऱ्याबद्दल आदर वाटला तो ह्या प्रश्नाला.

सहावा, खोटी गोळी म्हणजे आत औषधच नसलेली गोळी दिल्यावर असं झालं का. सातवा, रक्तात औषधाचं प्रमाण विषारी होण्याइतकं सापडलं का. दोन्ही केलं नव्हतं, शून्य, शून्य. आठवा, डोस वाढवल्यावर त्रास वाढला का किंवा कमी केल्यावर कमी झाला का. मी मधीच बोललो की मॅडम तिसऱ्या वेळेस ओठावर पण आलं ना, मग वाढलंच की. त्या म्हणल्या त्रास वाढला पण गोळ्या तेवढ्याच होत्या, त्यामुळं डोसामुळं वाढला असं म्हणता येत नाही, शून्यच लिहावं लागेल. नववा, आधी ह्या किंवा अशाच औषधानं पेशंटला असंच झालं होतं का, एक मार्क. दहावा, त्रास डोळ्यानं बघून किंवा तपासणीनं पक्का झालाय का, स्किनच्या डॉक्टरनं बघितलं होतं, एक.

बेरीज दहा. जास्तीत जास्त तेरा होऊ शकतात. नऊ किंवा त्याच्या वर गेलं तर निश्चित, पाच ते आठ बहुधा, एक ते चार शक्यता, शून्य किंवा त्याच्या खाली म्हणजे संशयास्पद. माय दहावर, निश्चित.

आखाडातल्या पहिल्या डोसाचं काय म्हणाल तर त्याचा एक पण मार्क कुठं धरला नाही. पुडी जळाली, नाव कुणाला माहीत नाही. मॅडमनी बाजूला 'औषध माहीत नाही' एवढं लिहिलं.

आता ह्या तक्त्याबद्दल माझं मत. सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे तो 'माहीत नाही' चा रकाना. मी दिवसभर फॉर्म भरतो, मला विचारा ह्या रकान्याची किंमत. आपल्याकडं ऑनलाईन फॉर्मला लाल चांदणी असती, ती भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, मग लोक अंदाजे काहीतरी ठोकून देतात, जन्मतारीख १ जून, आणि तो अंदाज पुढं वीस वर्ष खरा म्हणून चालतो. नॅरांजोंच्या तक्त्यात माहीत नाही म्हणलं तर तुमचं काही जात पण नाही आणि फुकटचं मिळत पण नाही. खरं सांगणाऱ्याला दंड नाही, हे फार मोठं आहे.

दुसरं म्हणजे हा तक्ता काही हवेत बनवलेला नाही. मी नंतर त्या मूळ पेपरचा सारांश वाचला, मुलाच्या मदतीनं, शब्द अवघड आहेत पण आकडे समजतात. नॅरांजोंच्या मंडळींनी औषधाच्या त्रासाचा संशय असलेल्या ६३ केसेस घेतल्या आणि दोन डॉक्टर आणि चार फार्मासिस्ट यांना वेगवेगळं बसवून विचारलं की हे औषधानं झालं का. आधी नुसत्या अनुभवावरून विचारलं तर त्यांचं एकमेकांशी मत जुळलं ३८ ते ६३ टक्के. म्हणजे शिकलेली माणसं, तीच केस, आणि काही जोड्यांचं तर निम्म्याहून जास्त वेळा जुळत नव्हतं. नंतर काही आठवड्यांनी त्याच लोकांना त्याच केसेस ह्या मार्कांच्या पद्धतीनं तपासायला दिल्या तर जुळणी ८३ ते ९२ टक्क्यांवर गेली. माणसं तीच, केसेस त्याच, फक्त प्रश्न ठरलेले आणि मार्क ठरलेले. चाळीस वर्षांच्या वर झाले तरी डॉक्टर लोक हे वापरतात ते उगीच नाही. आपल्या गावात एकच चट्टा बघून एक जण म्हणतो नागीण, एक म्हणतो उष्णता, एक म्हणतो फवारणी, आणि जो मोठ्यानं बोलतो त्याचं खरं. त्याला उतारा हाच आहे.

आता कमी काय. सहाव्या आणि सातव्या प्रश्नाचा मार्क आपल्या जिल्ह्यात काय, बऱ्याच ठिकाणी कधी मिळणारच नाही, खोटी गोळी देऊन कोण बघतंय आणि रक्तातलं औषधाचं प्रमाण कोण मोजतंय, त्यामुळं तेरा मार्कांचा तक्ता प्रत्यक्षात अकराचा होऊन बसतो. दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते. तक्ता विचारतो 'औषध', एक औषध. मायच्या गोळीत दोन औषधं एकत्र होती. गोळी दोषी हे निश्चित ठरलं, पण गोळीतलं कोणतं? मी मॅडमना हेच विचारलं. त्यांनी खरं सांगितलं की ह्या कागदावरून ते वेगळं करता येणार नाही, म्हणून दोन्ही टाळायची, आणि त्या जातीतली दुसरी औषधं पण डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायची नाहीत. आपल्याकडं ढाळीची, सर्दीची, दुखण्याची, निम्म्या गोळ्या अशा जोडगोळ्याच असतात. तिथं हा तक्ता तोकडा पडतो.

आणि तिसरी गोष्ट तक्त्याची चूक नाही, आपली आहे. सगळा तक्ता एका गोष्टीवर उभा आहे, की औषधाचं नाव माहीत आहे. नाव नसलं तर पहिला प्रश्नच पडतो, चौथा पडतो, नववा पडतो. फाट्यावरच्या पुडीतून नाव येत नाही. पाकिटावर लाल रेघ असते, ही गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही म्हणून, पण कात्रीनं कापून पुडीत बांधल्यावर ती रेघ कुणाला दिसणार? मी त्या मेडिकलवाल्याला वाईट म्हणत नाही, रात्री अकराला शटर वर करून औषध देणारा तोच आहे आणि आमच्या गावापासून दवाखाना लांब आहे. पण चूक ती चूक. त्याला पुडीवर पेनानं दोन शब्द लिहायला काही सेकंद लागतात. माझ्या मायची दोन वर्ष त्यात गेली, आणि हे ओठावर थांबलं म्हणून बरं, औषधाच्या रिॲक्शननं सगळ्या अंगाची कातडी सोलून निघाल्याचे पेशंट त्याच वॉर्डात मी बघितले.

तुम्हाला वाटंल एका बाईच्या हातावरच्या चट्ट्यासाठी एवढं काय. मला पण आधी तसंच वाटायचं. मग मॅडमनी सांगितलेला दुसरा एक पेपर वाचला, इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या मुनीर पीरमोहम्मद यांचा, २००४ सालचा, बीएमजे ह्या मेडिकल जर्नलमध्ये आलेला. त्यांनी दोन मोठ्या दवाखान्यात सहा महिने ॲडमिट झालेले १८,८२० पेशंट तपासले आणि त्यातले १,२२५ जणांचं ॲडमिट होणं औषधाच्या दुष्परिणामाशी जोडलेलं निघालं, साडेसहा टक्के. त्यातल्या बहुतेक केसेस नक्की किंवा कदाचित टाळता आल्या असत्या. आणि दोषी औषधं कोणती, तर कुठली नवीन भारी नाहीत, हार्टसाठी देतात ती लहान डोसची ॲस्पिरिन, लघवीची गोळी, रक्त पातळ करायची वॉर्फरिन, आणि दुखण्याच्या गोळ्या. सगळ्यात जास्त दिसलेला त्रास म्हणजे पोटात, आतड्यात रक्तस्राव. हे वाचून माझ्या डोळ्यासमोर ऊसतोडीला जाणारी माणसं आली. सकाळी कोयता उचलायच्या आधी एक दुखण्याची गोळी, रात्री एक, चार-पाच महिने. मोळ्या बांधून पाठ मोडती, दुसरं करणार काय. त्यांच्यातल्या कुणाला पोटातल्या रक्तानं काळी संडास झाली तर कोण त्याला विचारणार की गोळी कोणती घेतो? इंग्लंडमध्ये ॲडमिट झालेल्या प्रत्येक माणसाचं कुणीतरी हे तपासलं म्हणून तो आकडा निघाला.

आता काम कसं होतं ते. मॅडमनी तक्ता भरून फाईलला लावला नाही. मायचं नाव न लिहिता फक्त आद्याक्षरं, वय, कोणती गोळी, कधी घेतली, काय झालं, असा रिपोर्ट त्यांनी वर पाठवला. आपल्या देशात ह्यासाठी २०१० पासून फार्माकोव्हिजिलन्सचा, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवायचा, राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादला इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये, आणि तिथून माहिती स्वीडनमधल्या उप्साला शहरातल्या केंद्रात जाते, जिथं जगभरातल्या नोंदी एकत्र होतात. जिंतूर तालुक्यातल्या बाईच्या हातावरचा चट्टा स्वीडनला. मला हे मायला समजून सांगायला अर्धा तास लागला, आणि तिनं शेवटी विचारलं, "मंग ते लोक ही गोळी बंद करतेत का?" एका रिपोर्टवर काही बंद होत नाही. पण असे रिपोर्ट साठत जातात तेव्हाच दिसतं. २०२३ च्या शेवटी ह्याच कमिशननं मेफेनॅमिक ॲसिड ह्या पाळीच्या दुखण्यात सर्रास घेतल्या जाणाऱ्या औषधाबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती, की त्यानं ड्रेस नावाची गंभीर रिॲक्शन होऊ शकते, डॉक्टर आणि लोक दोघांनी लक्ष ठेवावं. ती सूचना साठलेल्या नोंदींच्या अभ्यासातूनच आली. गरोदर बायांनी घेतलेल्या थॅलिडोमाईड ह्या गोळीनं लेकरं हातपाय तोकडी घेऊन जन्मत होती तेव्हा पण १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एका डॉक्टरनं लॅन्सेट ह्या मेडिकल जर्नलला पाठवलेलं छोटंसं पत्रच होतं आणि जर्मनीत पण एक डॉक्टर आवाज उठवत होता. तोपर्यंत हजारो लेकरं होऊन गेली होती.

आणि हे फक्त डॉक्टरनंच कळवायचं असं नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पेशंट किंवा घरचा माणूस स्वतः कळवू शकतो. त्यासाठी सामान्य माणसाचा वेगळा फॉर्म आहे आणि तो मराठीत पण आहे, कमिशनच्या वेबसाईटवरून निघतो. टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी सकाळी ९ ते संध्याकाळी ५:३०. मोबाईल ॲप पण आहे. फॉर्म भरला म्हणजे डॉक्टरची किंवा कंपनीची चूक तुम्ही सिद्ध केली असा त्याचा अर्थ होत नाही, आणि माहिती गुप्त राहते, त्यामुळं भांडण होईल ही भीती मनातून काढून टाका. पेशंट कोण, त्रास काय, संशय कोणत्या औषधावर, आणि कळवणारा कोण, एवढ्या चार गोष्टी कमीत कमी पाहिजेत. बाकी जेवढं माहीत तेवढं. फॉर्म भरणारा माणूस म्हणून सांगतो, पीक विम्यापेक्षा सोपा आहे.

स्टार द्यायचे तर नॅरांजोंच्या तक्त्याला पाचपैकी चार. एक कापला तो जोडगोळ्यांसाठी. स्टूल ओढून बसलेल्या मॅडमना मात्र पूर्ण पाच, कारण तोच कागद घाईत भरला असता, मायला चंची सोडायला वेळच दिला नसता, तर बेरीज नऊच्या खाली आली असती आणि 'निश्चित' च्या जागी 'बहुधा' लिहिलं गेलं असतं.

मायला त्यांनी एक कार्ड दिलं, दोन्ही औषधांची नावं लिहिलेलं, कुठंही दवाखान्यात गेलं तर आधी हे दाखवायचं. मी ते केंद्रावर लॅमिनेट केलं, मागच्या बाजूला मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलं, आणि आता ते चंचीत असतं, चुन्याच्या डबीच्या खाली, जिथं ती गोळी होती तिथंच. ओठाचा डाग अजून आहे, हाताचा तर राहणारच म्हणले.

मराठी फॉर्मच्या वीस झेरॉक्स मी केंद्रात ठेवल्यात, पैसे घेत नाही. आतापर्यंत एकच जण आला, आमच्याच गावचे एक काका, पायावर तसाच काळा डाग आणि त्याच्यावर लाल चढलेला, म्हणले तुझ्या मायला झालं तसंच दिसायलंय बघ. मी फॉर्म काढला, आद्याक्षरं लिहिली, वय लिहिलं, चट्टा कधी उठला ते लिहिलं. औषधाच्या रकान्यापाशी आलो तर त्यांनी खिशातून पुडी काढली. रिकामी. वर बॉलपेननं 'स. सं.' एवढंच लिहिलेलं. फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये तसाच आहे, उद्या बाजारच्या दिवशी ते परत येतेत, त्यांना घेऊन त्या मेडिकलवर जायलोय. पाकीट सापडलं तर तिथंच उभं राहून नाव लिहून घेतो.